मागून हाक

मासळीबाजारात भाट्याची सोनूबाई गोदाला म्हणाली, "येतंस काय गो माज्यासंगती?" आणि गोदा गेली.

तसं बघायला गेलं तर झालं एवढंच. सोनूबाईचे बांगडे संपले होते, रिकामी पाटी तिनं डोक्यावर घेतली होती आणि जाता जाता समोरच्या पोरीला काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं होतं. ही थट्टा रत्नागिरीत कोणीही कोणाच्याही पोराची करतं, आणि तिचा शेवट सगळ्यांना पाठ असतो. पोरानं आईच्या निऱ्यांत तोंड खुपसायचं, मान जोरजोरात हलवायची, जमलं तर भोकाड पसरायचं, मग सगळ्यांनी हसायचं आणि आईनं जरा मिरवायचं. गोदानं यातलं काहीच केलं नाही. दमयंतीच्या हातातला हात तिनं काढून घेतला, सोनूबाईच्या खवल्यांनी चिकट झालेल्या हातात दिला आणि ती चालू लागली. एकदाही मागं वळून बघितलं नाही. रस्त्याच्या कडेपर्यंत गेल्यावर सोनूबाईलाच कसंतरी झालं असावं. "अगो बाय, तुजी मामी उभी हाय ना थितं, जा तिच्याकडं," असं म्हणून तिनं हात सोडवला, तशी गोदा गेली होती त्याच चालीनं परत आली आणि दमयंतीच्या शेजारी उभी राहिली. बाजारातल्या बायका हसल्या. "पोर माणसाळलेली हाय हो दमयंतीबाय," एकजण म्हणाली, "कुणाकडंपन जाते. काय तरास नाय."

दमयंती पिशवी घेऊन उभी होती. आपल्याला काहीतरी वाटायला हवं, असं तिला वाटलं. राग तरी यावा, नाहीतर पोटात गोळा तरी. पण गोळा आधीपासूनच होता, तोही खराखुरा. डॉक्टरांनी बोटांनी चाचपून सांगितलं होतं की गाठ आहे, मुंबईला जाऊन कापून काढावी लागेल, एसटीनं घाटातले धक्के खात जाऊ नका, बोटीनं जा. त्या वेळीही तिला काही वाटलं नव्हतं. शेजारणीच्या पोटाबद्दल कोणी सांगावं तसं तिनं ऐकून घेतलं होतं, आणि घरी येऊन डाळ शिजायला टाकली होती. तिनं सुटे पैसे कनवटीला लावले, गोदाचा हात धरला आणि घराची वाट धरली. हात धरला म्हणजे तो हातात आला. गोदाचा हात नेहमी असाच असायचा, कोणीही उचलावा आणि कोणीही ठेवावा असा.

मांडवीच्या बाजूला उतरताना तिच्या मनात आलं, ही पोर आपल्याकडे आल्यापासून एकदाही रडलेली नाही. गोदा तिच्या नवऱ्याच्या, शिवरामच्या, धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण तुळसा मुंबईला गेली, बाळंतपणानंतर कधी नीट झालीच नाही, आणि गोदा पुरती बोलायला लागायच्या आत वारली. बापानं दुसरं लग्न केलं. मग पोर आधी चाळीतल्या शेजारणीकडे, मग आत्याकडे, मग चिपळूणकडच्या कुठल्याशा चुलत आजीकडे, असं करत करत मामाच्या दारात आली. कोणी मारलं नव्हतं, कोणी उपाशी ठेवलं नव्हतं. फक्त दर वेळी तिला सांगितलं गेलं होतं की चल, जत्रा बघायला जाऊ, नाहीतर चल, आगबोट दाखवतो. जत्रा झाली की घर बदललेलं असायचं. इथं आली तेव्हा तिच्याकडे कपड्यांचं एक बोचकं होतं. दमयंतीनं कपडे फळीवर लावून ठेवले. सकाळी बघते तो ते परत बोचक्यात. पुन्हा लावले, पुन्हा बोचक्यात. तिसऱ्यांदा तिनं हात लावला नाही. चटईखाली भाकरीचे वाळके तुकडे सापडले, तेव्हा यमुनावन्सं चिडल्या, मुंग्या येतील म्हणाल्या. दमयंतीनं एक झाकणाचा डबा आणून चटईच्या उशाशी ठेवला आणि रोज त्यात थोडे पोहे टाकत राहिली. याबद्दल ती आणि गोदा एक शब्दही बोलल्या नाहीत. पायात काटा मोडला तर गोदा कोपऱ्यात बसून स्वतःच टोकरून काढायची. एकदा चुलीतल्या लाकडाचा चटका बसला तेव्हा हात पाण्यात बुडवून ती दमयंतीकडे बघत राहिली, आपल्याला आता कोणी रागावणार का, एवढंच बघत असावी. आणि सगळं गाव म्हणत होतं, शहाणी आहे हो पोर.

शहाणी. हा शब्द दमयंतीनं फार ऐकला होता, लहानपणापासून. ती मूळची वेळणेश्वरची. वडील मुंबईत गिरणीत होते, आणि एका वर्षी आईनंही जायचं ठरलं, दमयंतीला काकूकडे ठेवून. कोणी तिला काही सांगितलं नाही. काकू म्हणाली, चल गो, रापण ओढताहेत, बघायला जाऊ. समुद्रावर माणसं दोर ओढत होती, जाळं येता येत नव्हतं, आणि शेवटी आलं तेव्हा त्यात बरीचशी शेवाळंच होती. ती बघून हसली होती हे तिला आठवतं. घरी आली तेव्हा वलणीवरचं आईचं लुगडं नव्हतं. बाकी सगळं होतं, फक्त वलणीवरची ती जागा मोकळी होती. तिनं विचारलं नाही. काकूनं भात वाढला, तो तिनं खाल्ला. रात्री काकू काकांना म्हणत होती, "बघा, विचारलंसुद्धा नाही. शहाणी आहे हो." शिमग्याला आई आली, नवं परकर-पोलकं घेऊन, तेव्हा ही ओट्यावर उभी राहून पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली, "या, बसा." आई केवढी हसली. पुढं आयुष्यभर आई ती गंमत येईल त्याला सांगायची आणि हसायची, आणि सांगताना डोळ्यांना पदर लावायची, तोही हसून हसून, असं दमयंतीला वाटायचं. आता ते हसणंच होतं का, हे विचारायला आई नव्हती. लग्नात पाठवणीच्या वेळी दमयंती रडली नाही, म्हणून वऱ्हाडातल्या बायका कुजबुजल्या होत्या. मूल झालं नाही, त्याचंही तिनं काही केलं नाही. शिवराम बरा माणूस. बंदरावर कारकून, सगळ्याला "तू म्हणशील तसं" म्हणणारा. दोघांत कधी भांडण झालं नाही. भांडायला काहीतरी हवं असावं लागतं, आणि तिला काही हवंसं वाटायचंच नाही.

घरी वन्सं ओट्यावर केरसुणीसाठी नारळाच्या झापांचे हीर काढत बसल्या होत्या. यमुनावन्सं म्हणजे शिवरामची थोरली बहीण, विधवा, गुडघ्यांनी अधू. गोदा मागल्या दारी पाय धुवायला गेली तशा त्या आवाज खाली करून म्हणाल्या, "केरूला निरोप धाडलाय. तो येईल परवा." केरू म्हणजे गोदाच्या बापाचा भाऊ. हे आधीच ठरलं होतं. दमयंती बोटीनं गेली की केरू येणार आणि गोदाला चिपळूणकडे त्या चुलत आजीकडे पोचवणार, तात्पुरती म्हणून. "मी त्याला सांगितलंय, जत्रेला नेतो म्हण. आणि तू पण चुकवून जा. शेजारची हमिदा नेऊन बसवील तिला आपल्याकडं, कोंबडीची पिल्लं दाखवायला. दर्यावर निघणाऱ्याच्या मागनं रडं नको नि हाक नको." हे ठरलं तेव्हा दमयंती "बरं" म्हणाली होती. ते बरं तिनं इतक्या सहज म्हटलं होतं की आता तिला ते दुसऱ्या कोणाच्या तोंडचं वाटलं. वन्संचं चुकत होतं असंही नाही. त्यांचे यजमान पडावावर खलाशी होते. एकदा निघताना ते जेवणाचा डबा विसरले, म्हणून वन्संनी उंबऱ्यावरून हाक मारली, ते मागं वळले, डबा घेतला, गेले, आणि मग आलेच नाहीत. तेव्हापासून वन्सं बंदराच्या रस्त्याला गेलेल्या नाहीत, आणि या घरातून माणूस निघालं की पोराबाळांना आधी कुठंतरी लांब नेऊन बसवायचं, हा नेम झाला होता. तो तसा साऱ्या मांडवीचाच नेम होता. बोट सुटायच्या वेळी आळीतली निम्मी पोरं कोणाच्या ना कोणाच्या परसात कोंबड्या बघत असायची.

"गोदा कुठं जाणार नाही," दमयंती म्हणाली.

वन्संच्या हातातला हीर थांबला. "मग बघणार कोण तिला? माझे गुडघे बघतेस ना?"

"दुपारचं हमिदा बघेल. मी बोलते तिच्याशी. वेणी तेवढी तुम्ही घाला. आणि मी तिला सांगून जाणार आहे."

"सांगून?" वन्संचा चेहरा खरोखर पांढरा पडला. "पोटाचं ऑपरेशन नि मागनं पोर बोंबलणार? अगो, जिवाशी खेळतेस होय?" आपल्या जिवाशी कोणी खेळलं तर आपल्याला काय वाटेल, याचा दमयंतीनं खरंच विचार करून पाहिला आणि तिला काही सापडलं नाही. गेल्या आठवड्यात तिनं शिवरामचे सदरे शिवून ठेवले, लोणच्याची बरणी भरली, कुठं काय आहे ते वन्संना दाखवलं. परत न येणारं माणूस करतं तसं सगळं ती करत होती, आणि त्यात तिला दुःख नव्हतं, फक्त कामं होती. दुःख नव्हतं, हेच मघाशी बाजारात तिला दिसलं असावं. पाठमोरी चाललेली ती पोर कोण आहे, हे तिच्याइतकं रत्नागिरीत दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? संध्याकाळी शिवराम आला. बहिणीनं त्याला एका बाजूनं सांगितलं, बायकोनं दुसऱ्या. तो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला आणि दमयंतीला म्हणाला, "तू म्हणशील तसं." केरूला येऊ नको म्हणून निरोपही त्यानंच धाडला. वन्सं न जेवता निजल्या. हमिदा मात्र कुंपणापलीकडून म्हणाली, "ऱ्हाऊ दे तिला हितंच. माझी चार हायत, त्यांत एक. जड नाय होत."

बोटीच्या दिवशी सकाळी दमयंती गोदाची वेणी घालायला बसली. तोंडासमोर बसून तिला हे बोलता आलं नसतं. केसांचे तीन पेड हातात धरून ती म्हणाली, "गोदा, मी आज मुंबईला जाणार आहे. बोटीनं."

"बरं," गोदा म्हणाली. मग ती उठली, अर्धी वेणी तशीच सुटली, आत गेली आणि बोचकं घेऊन आली. पायरीवर ते मांडीवर धरून बसली. "कुणाकडं जायचंय?"

"कुणाकडं नाही. मी जाणार. तू इथंच."

"मग न्यायला कोण येणार?"

"कुणी नाही येणार. मामा आहे, मावशी आहे, हमिदा आहे. माझ्या पोटात गाठ झालीय. डॉक्टर ती काढणार. मग मी परत येणार."

गोदा बोचक्याच्या गाठीकडे बघत होती. "आई पण येणार होती," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, नुसती माहिती होती. आणि दमयंतीच्या लक्षात आलं की या पोरीला कोणी सांगितलेलंच नाही. देवाकडे गेली, मुंबईला गेली, येईल हो, असं ज्याला जे सुचलं ते त्यानं सांगितलं, आणि ही पोर एवढ्या सगळ्या घरांतून बोचकं बांधून त्या येण्याची वाट बघत होती. मागल्या दारी वन्सं भांडी आपटत होत्या. आता नको, नंतर कधीतरी, असं दमयंतीच्या ओठांवर आलं. पण नंतर म्हणजे कधी, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"तुझ्या आईला यायचं होतं," ती म्हणाली. "पण ती मेली, गोदा. म्हणून नाही आली."

"मेली?"

"हो."

"कधी?"

"तू एवढीशी होतीस तेव्हा."

"मला कुणी नाय सांगितलं."

"नाही सांगितलं. चुकलं ते."

"तू पण मरशील?"

"डॉक्टर म्हणतात, नाही मरणार. मला माहीत नाही. पण मेले तर मामा तुला सांगेल. तोंडावर सांगेल. जत्रेला जाऊ म्हणून तुला कुणी कुठं नेणार नाही." हे सगळं ती अशा आवाजात बोलली की जणू वाणसामान सांगत होती. आवाज दुसरा निघेना. गोदा उठली, परत येऊन पाठमोरी बसली आणि म्हणाली, "वेणी ऱ्हायली." दमयंतीनं वेणी पुरी केली. चांगली घट्ट वेणी झाली.

वन्सं उंबऱ्यापर्यंतही आल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, "देवाला हात जोडून नीघ." रस्त्यानं शिवरामनं ट्रंक घेतली होती, गोदानं पाण्याचा फिरकीचा तांब्या. शेजारपाजारच्या बायका दारातून बघत होत्या, पोरीला घेऊन बंदरावर चालली म्हणून. "रडावंसं वाटलं तर रड हो," दमयंती गोदाला म्हणाली. "मी नाय रडत," गोदा म्हणाली, आणि ते खरंच होतं.

बोट लांब पाण्यात उभी होती. धक्क्याला हमिदाच्या नवऱ्याचा, मुसा तांडेलाचा, मचवा लागला होता. माणसं, ट्रंका, आंब्याच्या वड्यांचे डबे, कोणाची तरी शिवलेली गादी, सगळं हातोहात आत जात होतं. "सावकाश हो दमयंतीबाय," म्हणत मुसानं तिला आत घेतलं. तिनं गोदाकडून तांब्या घेतला. गोदाचा हात तिच्या हातातून निघाला तेव्हा तो कधी निघाला हेही कळलं नाही. शिवराम काहीतरी बोलणार होता, पण शेजारच्या माणसाची गादी मध्ये आली. मचवा हलला. मागं बघू नये म्हणतात म्हणून नव्हे, पण बघून काय दिसणार हे ठाऊक होतं म्हणून, दमयंती समोर बघत बसली. तरी एकदा डोळे तिकडे गेलेच. गोदा सुक्या मासळीच्या गोणींकडे बघत उभी होती. ठीक आहे, दमयंतीनं मनात म्हटलं. सांगितलं हे बरं केलं, पण त्यानं काही झालं नाही. उशीर झाला असेल. तिलाही आणि मलाही. शेजारी एक म्हातारी पान जुळवत होती. तिनं दमयंतीपुढे चंची केली. दमयंतीनं मान हलवली आणि म्हातारीच्या बोटांवरचा चुना बघत राहिली.

मग तो आवाज आला. आधी तो माणसाचा आहे असंच वाटलं नाही. मचव्यातली सगळी माणसं वळली. गोदा धक्क्याच्या अगदी टोकाला आली होती, शिवरामनं तिला कमरेला धरलं होतं आणि ती दोन्ही पायांनी त्याला लाथा मारत होती. "मामी!" ती ओरडत होती. "मामी, ये! परत ये! मेल्ये, ये परत! खोटारडे! मामीऽऽ!" तोंड उघडं, वेणी सुटलेली, एवढ्या लहान छातीत एवढा आवाज कुठं होता कोण जाणे. शिवरामच्या मनगटाला ती चावली. त्यानं हात सोडला नाही. उलट दुसराही हात टाकून तो तिला धरून खाली बसला.

"अहो, त्या पोरीला गप्प करा कुणीतरी," गादीवाला माणूस म्हणाला. "चांगल्या कामाला निघालोय आम्ही."

म्हातारीनं दमयंतीचं मनगट पकडलं. "बघू नको हो बाय मागं. ओ देऊ नये मागच्या हाकेला. बघू नको."

मुसानं वल्हं उचलून धरलं होतं. "दमयंतीबाय, वळवू काय?"

"नको," दमयंती म्हणाली. "चालू दे." आणि ती उठून, म्हातारीच्या हातातून हात सोडवून, पूर्ण मागं वळली. कुठंतरी बरगड्यांच्या खाली दुखायला लागलं होतं, गाठीपासून लांब, अगदी वेगळ्याच जागी, आणि ते इतकं दुखत होतं की तिला श्वास घेता येईना. ती घाबरली. ऑपरेशनला घाबरली, क्लोरोफॉर्मला घाबरली, मुंबईला घाबरली, आपण मरू म्हणून घाबरली. मरायचं नव्हतं तिला. परत यायचं होतं, याच धक्क्याला, या बोंबलणाऱ्या पोरीकडे. गालांवर काय ओघळतंय हे कळायला तिला वेळ लागला.

"मामीऽऽ!"

"ओ!" दमयंती ओरडली. मचव्यातल्या कोणीतरी देवाचं नाव घेतलं. "ओ गो गोदा! ओऽऽ!"

मुसानं वल्हं पाण्यात घातलं. गोदा पुन्हा ओरडली, दमयंतीनं पुन्हा ओ दिली. "बाय, बसा, मचवा कलंडंल," मुसा म्हणाला, पण ती बसली नाही. बोटीच्या शिडीपाशी पोचेपर्यंत, धक्क्यावरचा आवाज वाऱ्यानं तुकड्यातुकड्यांनी यायला लागला तरी, तिकडून येणाऱ्या प्रत्येक हाकेला ती ओ देत होती.